आकाशातली बातमी कशी वाचावी, आकाश कसं पाहावं

एप्रिल २०२५ मध्ये एक बातमी जगभर गाजली. सिंह तारकासमूहात, आपल्यापासून १२४ प्रकाशवर्षांवर असलेल्या ‘के२-१८बी’ या ग्रहाच्या वातावरणात डायमिथिल सल्फाइड वायूच्या खुणा मिळाल्याचं केंब्रिज विद्यापीठातल्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जाहीर केलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती तयार करतात. त्यामुळे ‘परग्रहावर जीवसृष्टी?’ असे मथळे झळकले आणि सोबत निळ्याशार ग्रहाचं देखणं चित्रही छापून आलं.

त्या ग्रहावर कुणी गेलेलं नाही आणि आपल्या हयातीत कुणी जाणारही नाही. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ हे यान आजवर जेमतेम एक प्रकाशदिवस इतकंच अंतर गेलं आहे. मग १२४ प्रकाशवर्षं हा आकडा आला कुठून? वातावरणातला वायू ओळखला कसा? अशी बातमी वाचताना ‘हे खरं का?’ असं विचारण्याआधी ‘हे कळलं कसं?’ असं विचारायची सवय लावून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. खगोलशास्त्रज्ञांच्या हाती फारच थोडी साधनं असतात. ती एकदा समजली की बातमीत मोजलेलं किती, अनुमान किती आणि चित्रकाराची कल्पना किती, हे शाळकरी मुलालाही वेगळं काढता येतं. आणि यातली काही साधनं आपल्या घरात, आपल्या गच्चीवर वापरून पाहता येतात.

सुरुवात अंतरापासून करू. हात लांब करून अंगठा उभा धरा. आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने पाहा. मागच्या भिंतीच्या संदर्भात अंगठा सरकलेला दिसतो. दोन डोळ्यांतलं अंतर ठाऊक असेल आणि अंगठा किती सरकला ते मोजलं, तर अंगठा किती लांब आहे याचं गणित मांडता येतं. याला पराशय म्हणतात. ताऱ्यांच्या बाबतीत पहिलं निरीक्षण जानेवारीत केलं तर दुसरं जुलैत करायचं. मधल्या सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला पोचलेली असते, म्हणजे आपल्या ‘दोन डोळ्यांत’ ३० कोटी किलोमीटरचं अंतर पडतं. तरीही तारे इतके दूर आहेत की हे सरकणं अतिशय सूक्ष्म असतं. १८३८ साली जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल याने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजला. तो भरला विकलेच्या एक तृतीयांशाहूनही कमी. १० रुपयांचं नाणं १८ किलोमीटरवरून पाहिलं तर जेवढं दिसेल, तेवढाच हा कोन! त्यावरून अंतर निघालं दहा प्रकाशवर्षांच्या आसपास. आजच्या मोजमापानुसार ते ११.४ आहे. जवळजवळ १९० वर्षांपूर्वीच्या उपकरणाने केलेलं हे काम अजूनही थक्क करतं.

युरोपच्या ‘गाया’ उपग्रहाने २०१४ ते २०२५ या काळात हेच काम दीडशे कोटींच्या आसपास ताऱ्यांसाठी केलं. के२-१८ या ताऱ्याचं अंतरही पराशयावरूनच मोजलेलं आहे. त्यामुळे बातमीतला १२४ हा आकडा अंदाजाचा नाही, मोजलेला आहे. त्यावर निःशंक विश्वास ठेवावा.

पराशय फार दूरवर मात्र पोचत नाही. लाखो-कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांसाठी दुसरी युक्ती लागते, आणि तिचं श्रेय हार्वर्ड वेधशाळेतल्या हेन्रिएटा लेविट या बाईंना जातं. दुर्बिणीतून घेतलेल्या काचेच्या छायाचित्रपट्ट्या तपासून ताऱ्यांची तेजस्विता नोंदवणं हे त्यांचं काम होतं. मॅगेलनचे मेघ या शेजारच्या दीर्घिकांतले तेज बदलणारे तारे शोधता शोधता त्यांच्या लक्षात आलं की त्यातले सेफीड जातीचे तारे जितके जास्त तेजस्वी, तितका त्यांचा कमी-जास्त होण्याचा आवर्तकाळ मोठा. १९१२ साली २५ ताऱ्यांवरून त्यांनी हा नियम मांडला. याचा उपयोग असा, की सेफीड ताऱ्याचं एक आवर्तन किती दिवसांचं ते पाहिलं की तो मुळात किती तेजस्वी आहे हे कळतं. मग तो आपल्याला किती फिका दिसतो यावरून अंतर काढता येतं.

ऑक्टोबर १९२३ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या अडीच मीटरच्या दुर्बिणीने देवयानी तारकासमूहातल्या तेजोमेघाची छायाचित्रं घेत होता. एका काचपट्टीवर त्याला तीन नवे ठिपके दिसले. अचानक उजळलेले नवतारे असावेत असं समजून त्याने प्रत्येकाशेजारी शाईने ‘एन’ लिहिलं. नंतर जुन्या पट्ट्यांशी ताडून पाहिल्यावर त्यातला एक ठिपका पूर्वीही कधी उजळ, कधी मंद दिसल्याचं आढळलं. हबलने त्याच्याजवळचा ‘एन’ खोडला आणि ‘व्हेरिएबल’ची पहिली तीन अक्षरं मोठ्या लिपीत लिहून पुढे उद्गारचिन्ह दिलं. ती काचपट्टी आजही जपून ठेवलेली आहे. त्या सेफीडचं आवर्तन ३१.४ दिवसांचं निघालं. लेविटबाईंच्या नियमावरून अंतर आलं दहा लाख प्रकाशवर्षांच्या घरात, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर. ज्याला तोवर तेजोमेघ म्हणत होते ती आपल्यासारखीच एक स्वतंत्र दीर्घिका ठरली. एका ठिपक्याने विश्व कितीतरी पटींनी मोठं केलं.

पुढे १९५२ साली वॉल्टर बाडे याने सेफीड तारे दोन प्रकारचे असतात हे दाखवून दिलं आणि देवयानीचं अंतर एका झटक्यात दुप्पट झालं. आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं धरतात. म्हणजे हबलचा आकडा चुकीचा होता, पण त्याचा निष्कर्ष पक्का होता. विज्ञानाच्या बातम्या वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा. आकडे सुधारत राहतात, त्यावरून ‘शास्त्रज्ञ रोज नवीन सांगतात’ असा सूर लावणं बरोबर नाही.

आता वायू ओळखण्याबद्दल. हा भाग हाताने करून पाहण्यासारखा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बुटांचा रिकामा खोका घ्या. एका आखूड बाजूला उभी खाच पाडून तिच्यावर दाढीची दोन पाती धारेसमोर धार येईल अशी चिकटवा. मधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असू द्या. समोरच्या बाजूला आतून जुन्या सीडीचा तुकडा, त्यावरच्या बारीक चाकोऱ्या फटीला समांतर येतील असा, तिरपा बसवा. सीडीचं प्रतिबिंब दिसेल अशा बेताने खोक्याला एक भोक पाडा आणि बाकीच्या सगळ्या सांधी काळ्या कागदाने बुजवा. झाला तुमचा वर्णपटदर्शक.

फट एलईडी दिव्याकडे धरली की जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सलग पट्टा दिसतो. घरात एखादा जुना सीएफएल दिवा असेल तर तो लावा. आता पट्टा सलग राहत नाही. काळोखात वेगवेगळ्या ठसठशीत रेषा उभ्या राहतात, त्यातली हिरवी आणि निळी रेषा दिव्यातल्या पाऱ्याची. स्वयंपाकघरातला दिवा घालवून गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाका. ज्योत क्षणभर पिवळी होते आणि खोक्यात पिवळी रेषा उमटते. ती मिठातल्या सोडियमची. हे काम मोठ्या माणसाने करावं आणि खोका ज्योतीपासून लांब धरावा. सूर्याकडे मात्र खोका कधीही थेट रोखू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो. दिवसा निरभ्र आकाशाकडे किंवा पांढऱ्या ढगाकडे धरा. फट पुरेशी अरुंद असेल तर रंगीत पट्ट्यात काही बारीक काळ्या रेषा दिसतील. सूर्याच्या बाहेरच्या थरांतल्या मूलद्रव्यांनी नेमका तेवढा रंग शोषून घेतल्यामुळे त्या उमटतात. फ्राउनहोफर याने १८१४ साली अशा पाचशेहून अधिक रेषा मोजल्या होत्या. पुढे १८५९-६० मध्ये कीर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागीच येतात. प्रयोगशाळेतल्या ज्योतीत असोत वा सूर्यात, रेषा त्याच.

इथे कोकणाचा थेट संबंध येतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला. विजयदुर्ग किल्ला त्या पट्ट्यात होता आणि किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे आजही दाखवतात. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर याने तिथूनच हेलियम शोधला, असं आपल्याकडे अनेकदा छापून येतं. प्रत्यक्षात लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. त्याने आणि देशात ठिकठिकाणी थांबलेल्या इतर निरीक्षकांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्यात तेजस्वी रेषा नोंदवल्या. त्यातल्या पिवळ्या रेषेकडे आधी सोडियमची म्हणूनच पाहिलं गेलं. लॉकयरने २० ऑक्टोबरला लंडनमध्ये, ग्रहण नसतानाच, त्या ज्वाळांचा वर्णपट मिळवला आणि पुढच्या अभ्यासातून ती पिवळी रेषा सोडियमच्या जागेपासून किंचित बाजूला असल्याचं दाखवलं. पृथ्वीवरच्या कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याची ती नव्हती. हेलियम असं नाव पडलेलं हे मूलद्रव्य पृथ्वीवर रॅम्से याला सापडलं ते थेट १८९५ साली. विजयदुर्गावर १८ ऑगस्टला जरूर जावं, ग्रहणाच्या पट्ट्यात उभं राहिल्याचा आनंद घ्यावा. पण मुलांना सांगताना खरी हकिकत सांगावी, कारण ती दंतकथेपेक्षा अधिक रोमहर्षक आहे. सूर्यावरचं मूलद्रव्य पृथ्वीवर मिळण्याआधी २७ वर्षं रेषेच्या रूपाने ओळखलं गेलं होतं!

पराशय आणि वर्णपट ही दोन्ही साधनं हाताशी घेऊन के२-१८बीकडे पुन्हा वळू. तो ग्रह दर ३३ दिवसांनी आपल्या ताऱ्यासमोरून जातो. तेव्हा ताऱ्याचं तेज हजारात सुमारे तीन भागांनी घटतं. त्यावरून ग्रहाचा आकार कळला, पृथ्वीच्या अडीचपटीहून थोडा जास्त. ग्रह ताऱ्यासमोर असताना ताऱ्याचा काही प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो, आणि त्या वायूंच्या खुणा वर्णपटात उमटतात. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ साली तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड असल्याचं दाखवलं. इथवर जमीन भक्कम आहे. डायमिथिल सल्फाइडचा पुरावा मात्र ‘तीन सिग्मा’ पातळीचा होता. असा संकेत निव्वळ योगायोगाने उमटण्याची शक्यता हजारात तीन. ऐकायला कमी वाटते, पण शोध म्हणून मान्यता मिळवायला पाच सिग्मा, म्हणजे लाखोंत एखादी शक्यता, अशी कसोटी लावतात. इतर गटांनी तीच निरीक्षणं वेगळ्या पद्धतीने तपासली तेव्हा काहींना तो संकेत सापडलाच नाही. शिवाय ६७पी या धूमकेतूवरही या वायूच्या खुणा मिळाल्या आहेत, आणि तिथे जीवसृष्टी असण्याचा प्रश्नच नाही.

अशा वेळी निकाल देण्याची घाई नको. अंतर, आकार, मिथेन हे मोजलेलं आहे. डायमिथिल सल्फाइड संशयित आहे. जीवसृष्टी हे त्यावरचं अनुमान आहे. आणि निळ्या समुद्राचं चित्र ही निखळ कल्पना आहे, कारण त्या ग्रहाचा पृष्ठभाग दाखवणारं छायाचित्र अस्तित्वातच नाही. चित्राखाली बारीक अक्षरात ‘कल्पनाचित्र’ लिहिलेलं असतं, ते शोधण्याची सवय लावून घ्या. तसंच वेबची चित्रं अवरक्त प्रकाशात घेतलेली असतात. आपल्याला न दिसणाऱ्या लहरींना दिसणारे रंग नेमून ती तयार करतात. त्यात फसवणूक नाही, पण तिथे गेलो तर डोळ्यांना तसंच दिसेल असंही नाही.

डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचं एक मोठं घर तर आपल्या दाराशी आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीने बनवल्या. इथे टिपल्या जाणाऱ्या रेडिओ लहरी सुमारे वीस सेंटिमीटरांपासून काही मीटरपर्यंत लांब असतात, त्यांना सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची भोकं जाणवतच नाहीत. जाळीमुळे वजन घटलं, वाऱ्याचा जोर कमी लागला आणि खर्चही आवाक्यात आला. सगळ्या तबकड्यांनी टिपलेल्या लहरी एकत्र जुळवल्या की त्या मिळून २५ किलोमीटरच्या दुर्बिणीइतक्या बारकाईने पाहू शकतात. ही रचना मला आपल्या देशातल्या वैज्ञानिक कल्पकतेचा उत्तम नमुना वाटते.

हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. २०२३ साली जाहीर झालेल्या एका निरीक्षणात खोडदला ही लहर ४८ सेंटिमीटर लांब होऊन आलेली सापडली. विश्व प्रसरण पावताना वाटेतली लहरही ताणली गेली. किती ताणली यावरून ती सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाली होती हे कळलं. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम करून तो संकेत वाढवला, म्हणून तो इथवर ऐकू आला. रेषा ओळखायची आणि ती आपल्या जागेवरून किती सरकली ते पाहायचं. रेषा ओळखण्याची ही रीत १८६८ च्या ग्रहणात वापरलेलीच.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं आणि दुर्बीण लोकांसाठी खुली होते. जाण्याआधी त्या वर्षीच्या तारखा पाहून घ्या. आवारात मोबाइल बंद ठेवण्याची सूचना काटेकोर पाळा. चंद्रावर जरी एखादा मोबाइल चालू असता, तरी तो आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांपैकी एक ठरला असता, इतके मंद संकेत तिथे टिपले जातात.

प्रकाशाखेरीज आणखी एक दूत अलीकडे हाती लागला आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मिलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या. तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे, तेव्हा ‘लायगो-इंडिया’च्या बातम्यांवर लक्ष ठेवा.

आता तुमच्या गच्चीकडे येतो. पहिल्याच महिन्यात दुर्बीण विकत घेऊ नका. ‘५०० पट मोठं दाखवते’ असं खोक्यावर लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणीपासून तर लांबच राहा. दुर्बिणीची ताकद तिच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासात असते. ६० मिलिमीटरच्या भिंगाने १२० पटीपलीकडे फक्त धूसर डाग मोठा होतो. सुरुवातीला ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री पुरे. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. बाहेर पडल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं द्या. मोबाइलकडे एकदा पाहिलं की ही कमाई गेली, म्हणून विजेरीवर लाल जिलेटिन कागद बांधा. महाराष्ट्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम, त्यातही अमावास्येच्या आगेमागे. शर्मिष्ठा तारकासमूहाचा ‘एम’ उत्तरेला दिसला की त्याच्या जवळच, डोक्याच्या दिशेला, देवयानीची दीर्घिका द्विनेत्रीत लांबट पुसट ढगासारखी दिसते. हबलचा ठिपका त्याच ढगातला.

एकट्याने आकाश शिकणं कठीण वाटत असेल तर पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. त्यांच्या रात्रभराच्या आकाशदर्शनाला एकदा जा. चार तारकासमूह ओळखता येऊ लागले की पुढचं काम जिथे असाल तिथून करता येतं.

मला सुचवावंसं वाटतं ते काम असं. ययाती तारकासमूहात अल्गॉल नावाचा तारा आहे. शहरातूनही दिसतो. एरवी त्याची प्रत (आकडा जितका मोठा, तितका तारा फिका) २.१, म्हणजे देवयानीतल्या अल्माक ताऱ्याइतका तेजस्वी. पण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचा मंद जोडीदार त्याच्यासमोर येतो आणि सुमारे दहा तासांच्या ग्रहणात तो ३.४ प्रतीपर्यंत उतरतो, तेज तिसऱ्या हिश्श्यावर येतं. समोरून काहीतरी जात असावं, ही कल्पना १७८३ साली इंग्लंडमधल्या जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने मांडली. तेव्हा त्याचं वय अठरा होतं. के२-१८बी शोधताना वापरलेला तर्क हाच.

रोज रात्री एका ठरावीक वेळी अल्गॉल पाहा आणि शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करा. अल्माकइतका आहे का? की ययातीतल्याच २.९ प्रतीच्या एप्सिलॉन ताऱ्यापेक्षाही फिका पडला आहे? दिनांक, वेळ, ठिकाण, आकाशाची स्थिती आणि तुमचा अंदाज लगेच वहीत लिहा. पुढचं ग्रहण कधी, हे नोंद लिहिण्याआधी पाहू नका. नाहीतर डोळे अपेक्षेप्रमाणे बघू लागतात. एखाद्या रात्री ११ च्या सुमारास तो अगदी मंद दिसला, तर तीन दिवसांनी संध्याकाळी ७ वाजून ४९ मिनिटांच्या आसपास पुन्हा मंद दिसायला हवा. तुमचं भाकीत खरं ठरतं का ते स्वतः तपासा.

हात बसला की नोंदी ‘एएव्हीएसओ’ या अमेरिकेतल्या संस्थेकडे पाठवा. १९११ पासून ती रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांची हौशी निरीक्षकांनी केलेली निरीक्षणं जमा करते आणि व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ ती वापरतात. पाठवताना जागतिक वेळेसाठी भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा आणि आकाश ढगाळ होतं तर तसंच कळवा. मनाने आकडा भरू नका.